पॉलिक्रिकोसचा भाला: एकपेशीय प्लवकातलं दंशास्त्र जिवंत कसं पाहावं

जेलीफिशच्या दंशपेशी शाळेच्या पुस्तकात भेटतात. पण तशीच कुपी, तसाच टोकदार शूल आणि तशीच गुंडाळलेली नळी समुद्रातल्या काही एकपेशीय जीवांमध्येही असते. हे जीव डायनोफ्लॅजेलेट गटातले. त्यांच्यापैकी नवशिक्याला सापडण्याजोगा आणि ओळखायला सोपा जीव म्हणजे पॉलिक्रिकोस. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याचं हे हत्यार, म्हणजे नेमॅटोसिस्ट, जिवंत पेशीत पाहता येतं. त्याची पद्धत इथे पाण्यापासून स्लाइडपर्यंत दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. सुटलेला भाला दिसणं सोपं आहे, न सुटलेला दिसणं अवघड. पेशी फुटली, तापली किंवा रसायनात पडली की कुप्या विखुरतात, काही उडून जातात आणि मग काय कुठे बसलं होतं ते कळत नाही. म्हणून पुढची सगळी मेहनत पेशी शेवटच्या मिनिटापर्यंत शांत आणि जिवंत ठेवण्यासाठी आहे.

काय शोधायचं आहे

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बुट्श्ली यांनी १८७३ मध्ये पॉलिक्रिकोस या प्रजातीचं वर्णन केलं. ग्रीक नावाचा अर्थ ‘अनेक कडी’, आणि दिसतंही तसंच. एकामागे एक जोडलेले, बहुधा चार किंवा आठ खंड, प्रत्येक खंडाला स्वतःची आडवी खाच आणि स्वतःच्या कशाभिका, म्हणजे पोहायचे चाबकासारखे धागे. मात्र केंद्रकं खंडांइतकी नसतात, निम्मी किंवा त्याहूनही कमी असतात. ही वेगवेगळ्या पेशींची माळ नव्हे, शरीर सलग एकच असतं. म्हणूनच याला ‘आभासी वसाहत’ म्हणतात. पॉलिक्रिकोस कोफॉइडाय ही नेहमी भेटणारी जात साधारण १०० ते १५० मायक्रोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी मोठी.

हत्याराचे भाग दोन. बाहेरच्या बाजूला एक सडपातळ कांडी असते, तिला टीनिओसिस्ट म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला सुरईच्या आकाराची कुपी, तो नेमॅटोसिस्ट. त्याची लांबी साधारण १० ते २० मायक्रोमीटर. भक्ष्याला स्पर्श झाला की आधी टीनिओसिस्ट चिकटतो, मग कुपीतला शूल कुपीचं तोंड भेदून बाहेर झेपावतो आणि त्याच्यामागे नळी उलगडत येते. भक्ष्य एका धाग्याने बांधलं जातं. पॉलिक्रिकोस त्याला ओढत नेतो आणि मागच्या बाजूने गिळतो.

जेलीफिशशी हे नातं आहे का, हा प्रश्न शंभर वर्षं रेंगाळला होता. २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या संशोधकांच्या गटाने रचना, हालचाल आणि जनुकं अशा तिन्ही अंगांनी तपासून दाखवलं, की दोघांकडे हे हत्यार स्वतंत्रपणे घडलं. त्याच कामात जवळच्या नात्यातल्या नेमॅटोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटचं हत्यार अगदी निराळं निघालं. त्यात एका कुपीऐवजी ११ ते १५ नळ्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीतून एकेक अस्त्र सुटतं. नेमॅटोडिनियम मात्र क्वचितच हाती लागतो, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करू नका.

आधी डोळा तयार करा

पॉलिक्रिकोस पहिल्याच दिवशी सापडेल याची खात्री नसते. तोवर डबक्यातल्या पॅरामेशियमवर हात बसवा. गवताच्या काड्या पाण्यात चार-पाच दिवस कुजवल्या की तो भरपूर मिळतो. स्लाइडवर एक थेंब घ्या आणि वर कव्हरस्लिप ठेवा. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं मिश्रण करून त्याचा छोटा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. आम्ल सरकत जाईल तसतशी पेशीभोवती बारीक सुयांची झालर उभी राहते. हे ट्रायकोसिस्ट. पेशीत असताना ते जेमतेम तीन-चार मायक्रोमीटर लांब असतात, सुटल्यावर सुमारे आठपट होतात.

ट्रायकोसिस्ट म्हणजे नेमॅटोसिस्ट नव्हे. त्यात शूल नाही, नळी नाही, फक्त दाबून बसवलेल्या प्रथिनाचा दांडा आहे आणि तो ताणला जातो. बहुतेक डायनोफ्लॅजेलेटमध्येही ट्रायकोसिस्ट असतात. हा फरक पॅरामेशियमवर नीट पाहून ठेवला, तर पुढे प्रत्येक धाग्याला नेमॅटोसिस्ट म्हणण्याची चूक होत नाही.

सामान

सूक्ष्मदर्शकाला १० आणि ४० पटीची वस्तुभिंगं हवीत. फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे बिनरंगी पेशीच्या कडा ठळक दाखवणारी सोय, असेल तर उत्तमच, नसेल तरी काम होतं. दिवा एलईडी असावा. हॅलोजनच्या उष्णतेने ही पेशी काही मिनिटांत विरघळल्यासारखी होते. बाकी १८ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिप, खोलगट स्लाइड, काचेचे पाश्चर पिपेट, २४ खणांची प्लेट, टिपकागद, व्हॅसलीन, थर्मामीटर आणि क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर.

चाळणीसाठी महागडी जाळीच पाहिजे असं नाही. स्क्रीन प्रिंटिंगचं साहित्य विकणाऱ्यांकडे पॉलिस्टरची जाळी मीटरवर मिळते. ‘१२० टी’ म्हणजे सेंटिमीटरला १२० धागे. धाग्याची जाडी वजा केली की छिद्र साधारण ४५ ते ५० मायक्रोमीटर उरतं. पॉलिक्रिकोस याहून मोठा असला तरी मऊ असतो, आणि लहान पेशी दबून निसटू शकतात. म्हणून शक्य तर ‘१६५ टी’ घ्या, तिची छिद्रं २५ ते ३० मायक्रोमीटरच्या आसपास असतात. पीव्हीसी पाइपचा चार इंची तुकडा कापा, जाळी एका तोंडावर ताणून बसवा आणि कडेने अ‍ॅरल्डाइट लावा. एक दिवस वाळू द्या आणि मग दोन दिवस पाणी बदलत भिजवून ठेवा. न भिजवलेल्या चाळणीतून गोंदाचा अंश पाण्यात उतरतो. दुसरी, जाड जाळीची चाळणी सुमारे २०० मायक्रोमीटरची करा, ती कोपेपॉड (झिंग्यांच्या नात्यातले बारीक प्राणी) आणि कचरा अडवायला लागते.

पाणी केव्हा आणि कुठून

कोकणातल्या खाड्या पावसाळ्यात जवळजवळ गोड्या होतात, म्हणून ऑक्टोबर ते मे हा काळ धरा. खाडीच्या आत जाण्यापेक्षा मोकळ्या समुद्राकडे तोंड असलेला धक्का किंवा जेट्टी बरी. भरती पूर्ण होण्याआधीच्या तासाभरात पाणी घ्या, कारण तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. उधाणाच्या दिवसांत गाळ फार उठतो, त्यामानाने भांगाचे दिवस सोयीचे. क्षारता हजार भागांत ३०च्या वर असली तर चांगलं. बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय उतरू नका.

पॉलिक्रिकोस कोफॉइडाय स्वतः अन्न बनवत नाही, तो दुसऱ्या डायनोफ्लॅजेलेटवर जगतो. त्यामुळे पाणी तपकिरी किंवा लालसर झाल्याची बातमी कळली की फक्त त्याच दिवशी नव्हे, पुढे आठवडाभर दर दोन दिवसांनी नमुना घ्या. शिकार वाढली की शिकारी मागून वाढतो. अशा पाण्यात विषारी जातीही असू शकतात. हातमोजे घाला आणि त्या पाण्यातल्या कालवं-तिसऱ्या घरी आणू नका. पॉलिक्रिकोसचा भाला मात्र माणसाच्या कातडीला काहीच करू शकत नाही.

जाळं ओढण्यापेक्षा बादली बरी. जाळ्यात पेशी जाळीवर आपटतात, आणि पॉलिक्रिकोसच्या अंगावर कवच नसतं. १० लिटर पाणी हळूच बादलीत घ्या, झाकण लावा आणि सावलीत ठेवा. बर्फात ठेवू नका. समुद्राचं पाणी २८ अंशांचं असेल तर बादलीही तेवढ्यालाच राहिली पाहिजे. ओल्या पोत्यात गुंडाळली की दोन-तीन तास टिकते. तपासणी त्याच दिवशी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बादलीत एकही पेशी न सापडणं नेहमीचं आहे.

घट्ट करणे

मोठ्या भांड्यात थोडं नमुन्याचंच पाणी घेऊन त्यात बारीक चाळणी जाळी खाली करून उभी ठेवा. जाड चाळणीतून गाळलेलं पाणी पाइपच्या बाहेर, भांड्यात ओतत जा. पाणी जाळीतून वर, पाइपच्या आत शिरतं. ते आतलं पाणी रबरी नळीने सावकाश काढून टाका. अशा उलट्या गाळण्याने पेशी जाळीवर दाबल्या जात नाहीत, भांड्यातच राहतात. जाळी एकदाही कोरडी पडू देऊ नका. १० लिटरचे ५० मिलिलिटर होईपर्यंत तासभर जातो, आणि तेवढा वेळ द्यायलाच हवा.

आता हिशेब करा. समुद्रात लिटरला ५ पेशी असतील आणि एकही वाया गेली नसेल, तर ५० मिलिलिटरमध्ये ५० उरतात, म्हणजे मिलिलिटरला एक. खोलगट काचेत एका वेळी एक मिलिलिटर घेऊन पाहिलं तर वीस-पंचवीस वेळा पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये.

ओळख

नजरेचं क्षेत्र आधी मोजून ठेवा. नेत्रभिंगावर क्षेत्रांक १८ लिहिला असेल, तर १० पटीला वर्तुळ १.८ मिलिमीटरचं आणि ४० पटीला ०.४५ मिलिमीटरचं दिसतं. १२० मायक्रोमीटरचा पॉलिक्रिकोस १० पटीला वर्तुळाच्या पंधराव्या भागाएवढा आणि ४० पटीला साधारण चौथ्या भागाएवढा भरतो.

चाल पाहा. तो लांबीच्या अक्षाभोवती गिरक्या घेत, न थांबता, एकसारखा पुढे जातो. रंग फिकट, कधी गुलाबीसर, आणि आत गिळलेल्या भक्ष्याचा तपकिरी-लाल गोळा. याच्याशी गल्लत होते ती जिम्नोडिनियम किंवा अलेक्झांड्रियम या दुसऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या माळांची. त्या माळांत प्रत्येक पेशी वेगळी असते, दोघींमध्ये ठळक आवळ दिसते आणि सगळ्या पेशींचा रंग सारखाच सोनेरी-तपकिरी असतो. पॉलिक्रिकोसमध्ये आवळ नसते, सलग अंगावर आडव्या खाचा असतात.

उचलणे आणि धुणे

पाश्चर पिपेट ज्योतीवर मऊ करा, ज्योतीबाहेर काढून मग ओढा. ज्योतीतच ओढलं तर केसासारखा बारीक धागा होतो. टोक ०.२ ते ०.३ मिलिमीटरचं हवं. त्याहून बारीक असेल तर पेशी आत जाताना दुमडते आणि तिथेच फुटते. कडा ज्योतीला क्षणभर दाखवून गुळगुळीत करा.

पेशी उचलून गाळलेल्या समुद्राच्या पाण्याच्या थेंबात सोडा, तिथून दुसऱ्या आणि तिसऱ्या थेंबात. तीनदा पुरे. हे धुणं चुकवू नका, कारण नमुन्यात जेलीफिश आणि हायड्रॉइडच्या तुकड्यांतून सुटलेल्या कुप्या नेहमी तरंगत असतात. न धुतलेल्या स्लाइडवर दिसलेली सुटी कुपी कोणाची, याला उत्तर नसतं.

पिपेट, स्लाइड, थेंब ठेवायची काच यांना नळाचं पाणी लागलेलं नको. गोड्या पाण्याचा ओलसर थर उरला तरी कवच नसलेली पेशी फुगून फुटते. सगळं शेवटी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यानेच विसळा.

भाला पाहणे

इथे घाई केली की दिवसभराचं काम वाया जातं. साध्या ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटर असतो. १८ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली तो पसरला की थराची जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर होते. एवढ्या जागेत पेशी मोकळेपणी पोहते. तीच मात्रा ०.०१५ मिलिलिटरवर आणली की थर ०.०४५ मिलिमीटर होतो आणि पेशी दोन काचांमध्ये अलगद धरली जाते. पूर्ण थेंबापासून या धरलेल्या अवस्थेपर्यंत सावकाश येणं, एवढंच कौशल्य आहे.

कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलीनचा मोहरीएवढा ठिपका लावा. धुतलेली पेशी एका थेंबात घेऊन वर कव्हरस्लिप टेकवा. १० पटीला पेशी शोधा. मग टिपकागदाचं टोक कडेला एक सेकंद लावा आणि काढा. पुन्हा पाहा. पेशी पोहतेय? आणखी एक सेकंद. कोपरे पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबता येतात. पेशी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली, की थांबा. कशाभिका हलत आहेत पण शरीर सरकत नाही, हीच ती वेळ.

आता ४० पटीचं भिंग लावा. कंडेन्सरची पडदी अर्ध्याहून जास्त मिटा. फेज नसेल तर कंडेन्सरखाली काळ्या कागदाचा तुकडा सरकवून अर्धा प्रकाश अडवा, तिरप्या उजेडात कुपीच्या कडा उठून दिसतात. फोकस पेशीच्या वरच्या पृष्ठापासून खाली एकेक मायक्रोमीटर नेत जा. आडव्या खाचांच्या जवळपास, पृष्ठाखाली, चमकदार कडेचा लांबट शंकू दिसतो. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं आणि गडद. निमुळत्या टोकाच्या पुढे बारीक कांडी दिसली तर तो टीनिओसिस्ट. कुपीत तिरप्या रेघा दिसल्या तर ती गुंडाळलेली नळी, पण त्या दिसायला फेज किंवा चांगलं ४० पटीचं भिंग लागतं. कुप्यांची संख्या पेशीगणिक बदलते. काही अर्धवट घडलेल्याही असतात, त्यांना शूल दिसत नाही.

कुपी समजून अन्नाचा गोळा मोजला जातो. गोळा गोल, रंगीत आणि कडेला अस्पष्ट असतो. कुपी बिनरंगी, शंकूसारखी आणि काचेसारखी चकाकते. गिळलेल्या डायटमचे (काचेसारखं कवच असलेल्या एकपेशीय शैवालाचे) तुकडेही चकाकतात, पण त्यांच्या दोन्ही कडा समांतर असतात.

न सुटलेल्या कुपीचा फोटो आधी काढा. मग व्हिडिओ सुरू करून टिपकागद पुन्हा लावा, या वेळी दोन-तीन सेकंद. पेशी पसरते, कडेने फुगवटे येतात आणि ती फुटते. कुप्या बाहेर येतात, काही तशाच राहतात, काही सुटतात. सुटलेल्या कुपीच्या तोंडातून शूल आणि त्यामागे नळी दिसते. बंद आणि सुटलेली कुपी एकाच चौकटीत मिळाली तर ते सर्वांत उपयोगी चित्र. मोबाइलचा २४० चौकटींचा मंद व्हिडिओ दर चार मिलिसेकंदांना एक चौकट टिपतो. भाला त्याहून झटपट सुटतो, त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढंच मिळेल, मधली उडी मिळणार नाही. चौकट रिकामी दिसली म्हणून चुकलं असं समजू नका.

शिकार पाहायची असेल तर

चार-पाच धुतलेल्या पेशी २४ खणांच्या प्लेटमधल्या एका खणात, १ ते २ मिलिलिटर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवा. खाद्य म्हणून स्क्रिप्सिएला हा डायनोफ्लॅजेलेट चांगला. तो विषारी नाही आणि एफ/२ या शैवाल वाढवायच्या माध्यमात वाढतो. मिलिलिटरला ५०० ते १००० पेशी पुरेत, म्हणजे ०.१ मिलिलिटरमध्ये ५० ते १०० मोजून यायला हव्यात. जास्त घातलं तर काही तासांत पाण्याचा सामू चढतो आणि शिकारीच आधी मरतो. मंद उजेड, एसीच्या खोलीतलं २० ते २४ अंश तापमान, आणि तिथपर्यंत एकदम नव्हे तर दोन-तीन तासांत उतरलेलं.

कमी पटीवर एकाच पेशीचा पाठलाग करा. स्पर्श झाला की भक्ष्याचं पोहणं अचानक थांबतं आणि काही अंतर राखून ते शिकाऱ्यामागे फरफटत जातं. मधला धागा दिसला नाही तरी ते अंतर कायम राहतं, यावरून तो आहे हे कळतं. त्यानंतर मागच्या बाजूने गिळणं सुरू होतं आणि त्याला काही मिनिटं लागतात.

काही सापडलंच नाही तर

जिवंत पेशी नसली तरी गाळात पॉलिक्रिकोसच्या सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेल्या सुप्त पेशी, असू शकतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गाळात त्या नोंदल्या गेल्या आहेत. वरचा एक-दोन सेंटिमीटर गाळ घ्या, १२५ आणि २० मायक्रोमीटरच्या चाळण्यांमधला भाग ठेवा. तपकिरी, लांबट आणि अंगावर जाळीदार किंवा काटेरी उंचवटे असलेली सिस्ट शोधून खणात एकेकटी ठेवा. रिकामी सिस्ट बाजूला करा, आत दाणेदार ऐवज दिसतो ती घ्या. गाळात ऑक्सिजन नसताना सिस्ट उघडत नाही, म्हणून ती स्वच्छ पाण्यातच ठेवायची. दोन आठवडे रोज पाहा.

ल्यूगोलचं आयोडीन किंवा फॉर्मेलिन घालून नमुना ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवू नका. ल्यूगोलमध्ये पेशी आकसून गोळा होते, फॉर्मेलिनमध्ये बहुधा उरतच नाही. मोजणीसाठी वेगळी बाटली ल्यूगोल घालून ठेवा, एक टक्का पुरतं, आणि कुपीचं निरीक्षण फक्त जिवंत बाटलीतून करा. वहीत प्रत्येक पेशीसमोर पाच गोष्टी लिहा: ठिकाण आणि भरतीची वेळ, पाण्याचं तापमान व क्षारता, खंडांची संख्या, फुटण्याआधी मोजलेल्या बंद कुप्या, आणि फुटल्यानंतर सुटलेल्या कुप्या.